ध्रुवतारा धरायचा तर

आपलं कडोली गाव आहे साधारण 16 अंश उत्तर अक्षांशावर. त्यामुळं ध्रुवताराही क्षितिजापासून तेवढाच वर. झाडाआड किंवा शेजारच्या माडीआड सहज दडतो. आकाश तासाला 15 अंश सरकतं, म्हणून फोटोसाठी दुर्बीण ज्यावर बसते त्या माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा त्या बिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच ढळलेला, तेवढी दुरुस्ती हवीच.

आपल्याकडची खरी डोकेदुखी मात्र निराळी. उंचीचा स्क्रू 16 अंशांवर आणला, की काही माउंटचा तोलाच्या वजनाचा दांडा तिवईच्या उत्तरेकडच्या पायावर आपटतो. तिवईचा एक पाय दक्षिणेला करा, दांडा उरलेल्या दोन पायांमधून मोकळा फिरेल. वजनं बसवल्यावरच दुर्बीण चढवा. उतरवताना आधी दुर्बीण. आणि पावसाळ्यात माउंटच्या पेटीत सिलिका जेल ठेवा, त्याच्या दात्यांवरचं धूळ खाल्लेलं ग्रीस पुसून नवं, तेही बेतानंच लावा.