गोष्ट आधी मोठ्यानं वाचा



मैत्रिणीनं छोट्यांसाठी सशाची गोष्ट लिहिली.
कशी वाटली, असं तिनं तुम्हाला विचारलं.
नुसतं "छान" म्हणू नका.
आधी गोष्ट मोठ्यानं वाचा.
जीभ अडखळली, ते वाक्य तिला दाखवा.

चिऊ-काऊची गोष्ट आठवा.
काऊ दार वाजवतो.
चिऊ दर वेळी नवं कारण सांगते.
मुलं पुढच्या कारणासाठी टपून बसतात.
मैत्रिणीला विचारा,
तुझा ससा पुन्हा पुन्हा काय करतो गं?

"ससा जमला नाही" म्हटलं, तर तिला काय कळणार?
"ससा विहिरीपाशी का थांबला?"
हा प्रश्न तिच्या कामाचा.

पुन्हा सांगते, मोठ्यानं वाचा.
चार वर्षांचं मूल गोष्ट वाचत नाही, ऐकतं.

शेवटी तात्पर्य चिकटवलंय?
ते वगळून वाचून बघा.
मला तर गोष्ट तात्पर्याशिवायच आवडते.

आणि हो, शुद्धलेखनाचं मागाहून बोला.