ऐकून घेण्याचा प्रश्न
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा सारांश)



आनंदाच्या या प्रसंगी आम्ही रेल्वेकामगाराच्या बडतर्फीविषयी बोलावे, हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु महाराष्ट्राबाहेर जी मराठी कुटुंबे स्थिरावली, त्यांतील कितीतरी रेल्वेच्या नोकरीनिमित्त आली. अशा घरात नोकरी म्हणजे केवळ पगार नव्हे. राहते क्वार्टर, रेल्वेचे रुग्णालय, गावी जाण्याचा पास आणि उतारवयातील निवृत्तिवेतन हे सारे तिच्याशी बांधलेले असते. बडतर्फीच्या एका हुकमाने ते सारे एकदम तुटते. म्हणून असा हुकूम निघण्यापूर्वी माणसाचे म्हणणे कोणी ऐकावे, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

८ मे १९७४ रोजी देशव्यापी रेल्वेसंप सुरू झाला आणि २७ मे रोजी तो मागे घेण्यात आला. बोनस, आठ तासांचे काम आणि सार्वजनिक उद्योगांतील कामगारांच्या तोडीचे वेतन या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांना २ मे रोजीच अटक झाली होती. सरकारने संप बेकायदा ठरविला. हजारो कामगार तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या आणि अनेक कुटुंबांना क्वार्टरांतून बाहेर काढण्यात आले.

तो संप योग्य की अयोग्य, हा वाद येथे उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही. गाड्या थांबल्या म्हणजे धान्य आणि कोळसा अडतो, हे कोणीही मान्य करील. पण संप बेकायदा ठरला म्हणून अमुक एका फायरमनने काय केले, हे ठरत नाही. तो त्या दिवशी आजारी होता काय? त्याने दुसऱ्यास कामावर जाण्यापासून अडविले, की भीतीने तो घरीच बसून राहिला? संपाचा निवाडा आणि माणसाचा निवाडा या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आपल्या राज्यघटनेने हा भेद ओळखला आहे. अनुच्छेद ३११ नुसार सरकारी सेवकास आरोप कळवून, त्याचे म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देऊन मगच बडतर्फ करता येते. मात्र चौकशी करणे व्यवहार्य नसेल, तर कारणे लेखी नोंदवून ती वगळण्याचीही मुभा त्याच अनुच्छेदात आहे. रेल्वेच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांत ही मुभा नियम १४(२) म्हणून आली. अपवादासाठी ठेवलेली ही खिडकी संपाच्या काळात राजदरवाजा झाली.

१९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि १९७४ च्या संपातील बडतर्फ कामगारांना त्यांनी परत कामावर घेतले. मराठी माणसास याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तरीही ती राज्यकर्त्याची न्यायबुद्धी होती. न्यायाची व्यवस्था नव्हे. मंत्री बदलला नसता तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

त्याचे उत्तर लवकरच मिळाले. १९८१ साली इंजिनांवर काम करणाऱ्या लोको कर्मचाऱ्यांनी संप केला आणि पुन्हा नियम १४(२) चे हुकूम निघाले. ११ जुलै १९८५ रोजी तुलसीराम पटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चौकशी वगळण्याचा अधिकार बहुमताने वैध ठरविला. मात्र, केवळ चौकशी टाळण्यासाठी किंवा पुरावा कच्चा आहे म्हणून हा अधिकार वापरता येणार नाही, असेही बजावले. कर्मचारी अपिले आणि न्यायाधिकरणे यांच्या पायऱ्या चढत राहिले. अखेर ऑगस्ट १९९३ मध्ये आर. रेड्डप्पा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तीन महिन्यांत पूर्वपदावर घेण्याचा आणि तीन वर्षांच्या पगाराइतकी भरपाई देण्याचा आदेश दिला. निवृत्तिवेतनासाठी त्यांची सेवा अखंड धरली गेली. बढती मात्र मिळाली नाही. दरम्यान जे मरण पावले होते, त्यांची भरपाई वारसांना द्यावी, असेही त्या आदेशात म्हटले होते. बारा वर्षे! हुकूम हाती पडला तेव्हा ज्याचे मूल पहिलीत होते, त्याचे ते मूल तोवर शाळा संपवून बाहेर पडले असेल.

मग लवाद कोठे होता? १९६६ साली केंद्र सरकारी सेवकांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा स्थापन झाली आणि तिच्यात सक्तीच्या लवादाची तरतूदही झाली. परंतु ती वेतन व भत्ते, कामाचे आठवड्याचे तास आणि रजा यांपुरतीच, आणि तीही संपूर्ण वर्गासाठी. एकट्या माणसाचे गाऱ्हाणे तिच्या कक्षेबाहेर राहिले. औद्योगिक विवाद कायद्याची वाट होती, पण त्या काळी प्रकरण न्यायाधिकरणाकडे सोपवावे की नाही हे सरकारने ठरवावयाचे, आणि रेल्वेचा मालकही सरकारच!

अमेरिकेत १९३४ साली रेल्वेच्या तंट्यांसाठी एक मंडळ नेमण्यात आले. त्यात निम्मे सभासद कंपन्यांचे, निम्मे कामगार संघटनांचे. आणि त्यांचे जमले नाही तर त्रयस्थ पंच निर्णय देतो. बडतर्फ कामगाराचे प्रकरणही तेथे जाते. पंच कामगाराच्या बाजूनेच निर्णय देतो असे नाही. पण आरोप सिद्ध झाला काय आणि शिक्षा अपराधाच्या मानाने आहे काय, हे पाहणारा कोणी तिसरा तेथे असतो.

ही कल्पना आपणांस परकी नाही. मराठेशाहीत गोतसभेपुढे वादी-प्रतिवादी उभे राहत, दोघांची तकरीर ऐकली जाई आणि मगच महजर लिहिला जाई. त्या व्यवस्थेत उणिवा होत्याच. पण दुसरी बाजू ऐकण्यापूर्वी निवाडा लिहू नये, ही जाण त्यात होती.

शिस्तीवाचून रेल्वे चालत नाही, हे रेल्वेच्या वसाहतीत वाढलेल्यांना कोणी शिकवावयास नको. अपराध्यास शिक्षा व्हावीच. आमचे मागणे एवढेच की, ती देण्यापूर्वी त्रयस्थाने त्याचे ऐकावे, आणि वेळेवर ऐकावे. बारा वर्षांनी परत मिळालेल्या नोकरीत मधली बारा वर्षे परत मिळत नाहीत.