खेळ कोणासाठीं?

बास्केटबॉलचा जन्म विद्यापीठांची कीर्ति वाढविण्यासाठीं झाला नाहीं. १८९१ सालीं अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नायस्मिथ या शिक्षकानें, हिवाळ्यांत तरुणांना घरांत व्यायाम घडावा म्हणून, सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या, एवढेंच!

आज विजयी संघामुळें कीर्ति व कीर्तीमुळें देणग्या मिळतात, असें तेथें सांगतात. मोजक्या विद्यापीठांपुरतें तें खरेंहि असेल. परंतु बहुतेक ठिकाणीं खेळाची तूट विद्यापीठाच्या तिजोरींतून व विद्यार्थ्यांच्या फीमधून भरून काढावी लागते. प्राध्यापकाची जागा रिकामी ठेवून प्रेक्षागार बांधणें मला तरी पटत नाहीं.

अटलांटाच्या स्पेलमन महिला कॉलेजानें २०१२ सालीं हिशेब मांडला. सुमारें २,१०० विद्यार्थिनींपैकीं जेमतेम ८० जणी संघांत खेळत, आणि खर्च वर्षाला जवळजवळ दहा लक्ष डॉलर! अध्यक्षा बेव्हर्ली टेटम यांनीं आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून कॉलेज बाहेर काढलें व तो पैसा सर्व मुलींच्या व्यायामाकडे व आरोग्याकडे वळविला. त्या ऐंशीजणींना दुःख झालें असणारच, आणि तें मी क्षुल्लक मानीत नाहीं. परंतु उरलेल्या दोन हजारजणींचा विचार तोंवर खेळाच्या अंदाजपत्रकांत कोणी केला होता?