सासर हंगेरीला

(वर्धा जिल्ह्यातील एका महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘परदेशात दिलेल्या मुली’ या विषयावर मी बोलणार हे कळल्यावर तुमच्यापैकीच दोघीतिघींनी मला विचारले, की कापसाला भाव नाही, १९७५ पासून जिल्ह्यात दारूबंदी असून घराघरात दारू आहे, आणि तुम्ही परदेशाचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणून मी आधी एक हकिकत सांगते.

दोन वर्षांपूर्वी हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावाहून एक काकू आमच्या समुपदेशन केंद्रात आल्या. चार एकर कोरडवाहू शेती. मुलगी बी.कॉम. झालेली. जावई हंगेरी देशात, बुडापेस्ट शहरात संगणकाच्या कंपनीत. जावयाच्या वीस दिवसांच्या रजेत बघणे, साखरपुडा, लग्न सगळे उरकले. काकूंची तक्रार अशी काहीच नव्हती. त्या एवढेच म्हणाल्या, “पोरगी सुखात हाय म्हनते, पण फोनवर तिचा आवाज मले येगळाच वाटते.”

मी त्या मुलीशी फोनवर बोलले. “मारहाण नाही ताई, शिवीगाळ नाही,” ती म्हणाली. मग मी तिला चार प्रश्न विचारले. तुझा पासपोर्ट कुठे आहे? तुझ्या घराचा पत्ता मला वाचून दाखवशील का? तुझ्या स्वतःच्या नावावर किती पैसे आहेत? रात्री पोटात दुखायला लागले आणि नवरा गावाला गेलेला असला, तर तू कुणाला फोन करशील?

पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात होता आणि किल्ली त्याच्याकडे. पत्ता तिला वाचता आला नाही. पैसे नव्हते. चौथ्या प्रश्नावर ती गप्प राहिली.

आता हे चार प्रश्न पुलगावला किंवा आर्वीला दिलेल्या मुलीला विचारून पाहा. पैशाच्या प्रश्नाला तीही बहुधा अडखळेल. पण पत्ता तिला पाठ असतो, आणि फारच झाले तर शेजारणीकडून पन्नास रुपये उसने घेऊन ती एस.टी.त बसते आणि माहेरी येते. हंगेरीहून एस.टी. येत नाही. सासर आणि परदेश या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असे समजू नका. तिथे सासरच असते, फक्त परतीचा रस्ता स्वतःच्या हातात नसतो.

परक्या मुलखात जाऊन राहणे म्हणजे काय, हे खरे तर वर्ध्याला माहीत असायला हवे. मीराबेन, म्हणजे मूळच्या मॅडेलिन स्लेड, १९२५ साली इंग्लंडहून आल्या आणि १९३६ च्या सुमारास आपल्या शेगावात, आजच्या सेवाग्रामात, राहिल्या. आपण त्यांची कुटी बघतो, पण निघण्यापूर्वी त्यांनी काय केले ते विसरतो. त्यांनी जवळजवळ एक वर्ष तयारी केली. सूत कातायला शिकल्या, मांसाहार सोडला, जमिनीवर मांडी घालून बसायची सवय केली, उर्दूचे धडे घेतले. शिवाय त्या आपल्या मर्जीने आल्या, कुणाची बायको म्हणून नव्हे. इथे येऊन आजारपणे त्यांनाही चुकली नाहीत. तरी त्यांना एक वर्ष मिळाले होते. आपण मुलीला वीस दिवस देतो, आणि त्यातले पंधरा साड्या घेण्यात जातात.

म्हणून आता ते चार प्रश्न एकेक करून पाहू.

पहिला, कागदांचा. नवऱ्यामागे जाणाऱ्या बायकोला तिथे राहण्याचा जो परवाना मिळतो, तो कुटुंबासोबत राहण्यासाठी असतो. म्हणजे तिचे राहणे त्याच्या राहण्यावर टांगलेले. त्याची नोकरी गेली किंवा त्याने ‘ही माझ्यासोबत राहत नाही’ असे कळवले, की तिचा परवाना धोक्यात येतो. नोकरी करायची तर त्याच परवान्यावर चालते का, हे आधी विचारावे लागते. कोणत्या परवान्यावर नेतो आहे हेही जावयाला विचारा. हंगेरीत २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात ‘पाहुणा कामगार’ म्हणून जो परवाना दिला जातो, त्यावर बायकोमुलांना कुटुंब म्हणून नेता येत नाही. ‘आधी लग्न करू, सहा महिन्यांत नेतो’ असे म्हणणाऱ्याकडे कोणता परवाना आहे हे न पाहता अक्षता टाकल्या, तर मुलगी सासूसासऱ्यांची भांडी घासत वाट पाहत राहते.

विवाह नोंदणी दाखला लग्न झाल्याबरोबर घ्या. तो परदेशात चालण्यासाठी आधी राज्य शासनाची पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल नावाचा शिक्का लागतो. एक मूळ प्रत माहेरी ठेवा. पासपोर्ट मुलीच्या स्वतःच्या ताब्यात असावा, आणि पासपोर्ट, व्हिसा, परवाना या सगळ्यांच्या झेरॉक्स प्रती आईच्या पेटीत असाव्यात.

नावांचा घोळ तर विचारू नका. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि बोहल्यावर बदललेले तिसरेच. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. सगळ्या कागदांवर एकच नाव ठेवा, ते माहेरचे असले तरी चालते.

इथे हंगेरीची एक गंमत सांगते. त्या लोकांत आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात. आणि जुन्या रिवाजाप्रमाणे लग्न झाले की बाईचे स्वतःचे नावच नाहीसे होते. नवऱ्याचे पूर्ण नाव घ्यायचे आणि त्याला ‘ने’ असा प्रत्यय लावायचा, की झाले बायकोचे नाव. आपल्याकडे ‘सौ.’च्या पुढे निदान बाईचे नाव तरी येते! आज तिथल्या कायद्याने बाई आपले नाव ठेवू शकते. पण त्याच देशात सरकारी अर्जावर माणसाची ओळख म्हणून जन्मतारीख, जन्मगाव आणि आईचे जन्माचे, म्हणजे लग्नाआधीचे, नाव विचारतात. आपल्या मुलीने अर्जावर आईचे सासरचे नाव लिहिले, ते परत आले. तिने घरी फोन केला, “आई, तुझे लग्नाआधीचे पूर्ण नाव काय?” काकू मला सांगत होत्या, की सत्तावीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारले नव्हते आणि सांगताना त्यांना क्षणभर थांबावे लागले. महाराष्ट्र शासनाने कागदपत्रांवर आईचे नाव घेण्याचा निर्णय २०२४ मध्ये केला. तुमच्या मुलींच्या कागदांवर तुमचे कोणते नाव आहे, ते घरी जाऊन बघा.

दुसरा प्रश्न पत्त्याचा, म्हणजे भाषेचा. हंगेरियन भाषा शेजारच्या देशांतल्या भाषांसारखी नाही, तिचे नाते दूरच्या फिनलंडच्या भाषेशी आहे. कंपनीत इंग्रजी चालते, म्हणून नवऱ्याचे अडत नाही. पण कचेरीतला कारकून, दवाखान्यातली बाई, खालच्या मजल्यावरची आजी यांच्याशी बोलायचे तर त्यांचीच भाषा हवी. म्हणजे एकाच घरात राहून त्याचे जग मोठे होते आणि तिचे स्वयंपाकघराएवढे उरते. त्यात डिसेंबरमध्ये दुपारी चारलाच अंधार पडतो. आपल्या उन्हात वाढलेल्या पोरीला त्याचे काय होते, ते तिला कुणी आधी सांगितलेले नसते. ती स्वतःलाच दोष देत बसते. निघण्यापूर्वी निदान आकडे, पत्ता, ‘मला मदत हवी’, ‘मला दुखते आहे’ एवढे तरी त्या भाषेत पाठ करून जावे.

तिसरा प्रश्न पैशाचा. इथले स्वतःचे बँक खाते बंद करू नका. तिथे गेल्यावर तिच्या नावाचे खाते उघडायचे, हे लग्नाच्या बोलणीतच ठरवा. हुंड्याबद्दल बोलायला आपल्याला लाज वाटत नाही, मग याची का वाटावी? आणि परतीच्या तिकिटाएवढी रक्कम तिच्या नावावर असू द्या. दागिने नेण्यापेक्षा ते बरे.

चौथा प्रश्न मदतीचा. युरोपात संकटाच्या वेळी ११२ हा क्रमांक लावतात. औषधपाण्याचे पाहायचे तर नवऱ्याच्या पगारातून विम्याची वर्गणी कापली जाते, पण बायको त्यात आपोआप येते असे धरून चालू नका. माझा विमा कुठला, त्याचा कागद कुठे, हे पहिल्याच आठवड्यात विचारावे. घरातला छळ हा हंगेरीत २०१३ पासून वेगळा गुन्हा आहे. मात्र स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा युरोपचा जो इस्तंबूल करार आहे, त्याला मान्यता द्यायचे तिथल्या संसदेने २०२० मध्ये नाकारले. तेव्हा ‘पुढारलेला देश आहे, तिथे बायांना त्रास नसतो’ या भ्रमात राहू नका. तिथल्या बायाही लढताहेत. ‘नाने’ ही त्यांची संघटना १९९४ पासून पीडित स्त्रियांसाठी काम करते. बुडापेस्टमध्ये आपला दूतावास आहे. अडचणीतल्या भारतीयांसाठी दूतावासांकडे २००९ पासून एक कल्याण निधीही आहे.

आणि मुलगी परत आलीच, तर? दाराशी तिला पहिला प्रश्न “लोक काय म्हणतील” हा विचारू नका. कायदा अगदीच मुका नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले, की हिंदू विवाह कायद्याखाली झालेले लग्न परदेशी न्यायालयाने भलत्याच कारणाने मोडले आणि बायको तिथे स्वखुशीने हजर झालेली नसेल, तर तो घटस्फोट इथे बंधनकारक नाही. म्हणून तिकडून आलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, आणि तो फेकूनही देऊ नका. २०१९ च्या निकालानुसार छळामुळे माहेरी आलेली बाई माहेरच्या गावी तक्रार नोंदवू शकते. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालीही ती जिथे राहते तिथे अर्ज करता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, मग तिचे उत्पन्न काहीही असो. राष्ट्रीय महिला आयोगात अशा परदेशी लग्नांसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे. मूल बरोबर असेल तर निघण्याआधी सल्ला घ्यावाच. बापाच्या संमतीविना मूल आणले तर तिथे गुन्हा ठरू शकतो. इथली न्यायालये मुलाचे हित पाहून निर्णय देतात, तो आईच्याच बाजूने लागेल असे नाही.

अनिवासी भारतीयांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करणारे विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत आले, पण तेव्हा त्याचा कायदा झाला नाही. २०२४ मध्ये विधी आयोगानेही असा कायदा हवा म्हणून अहवाल दिला. आपल्या संघटनांनी ही मागणी लावून धरायला हवी.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. सगळे छान झाले असे मी सांगणार नाही. तिने पासपोर्ट मागितला, तेव्हा नवरा म्हणाला, “तू हरवशील म्हणून ठेवला होता.” दिला त्याने. तो दुष्ट माणूस नाही. त्याला कधी कुणी विचारले नव्हते, एवढेच. भाषेच्या वर्गाच्या फीवरून मात्र महिनाभर घरात अबोला होता. आता ती आठवड्यातून दोनदा ट्रामने वर्गाला जाते. नोकरीचे अजून जमलेले नाही. मध्यंतरी तिने फोन केला आणि न विचारताच आपला पत्ता, आडनाव आधी लावून, मला पूर्ण वाचून दाखवला. काकूंनी तो वहीत लिहून घेतला आहे.

तुमच्यापैकी कितीजणींकडे लेकीचा पूर्ण पत्ता लिहिलेला आहे? हंगेरीचा सोडा, नागपूर-पुण्याचा तरी? आज घरी गेल्यावर फोन करा आणि ते चार प्रश्न विचारा. उत्तर देताना ती अडखळली, तर रागावू नका. आमच्याकडे या.