यादी एकच बरी
मैत्रिणींनो, तुमच्या ओव्या, मुलाखती आम्ही ऑडॅसिटीवर कापतो, जोडतो. आपल्या केंद्रात एक संगणक विंडोजचा, दुसरा लिनक्सचा. ही मोफत प्रणाली दोन्हींवर चालते. पण लिहिलेला कोड प्रत्येक प्रकारच्या संगणकासाठी वेगळा बांधून घ्यावा लागतो. पूर्वी विंडोज, मॅक, लिनक्स यांच्या बांधणीच्या याद्या निरनिराळ्या होत्या. नवी फाइल आली की तिन्हीकडे नोंदवा; एकीकडे राहिली की तिथलं काम अडलं. बचत गटाची तीन रजिस्टरं सांभाळणारीला हे वेगळं सांगायला नको! २०२० मध्ये त्यांनी सीमेक घेतलं. यादी एकच, त्यातून ज्याची त्याची बांधणी. सगळं नव्यानं लिहावं लागलं, तरी आम्हाला ते पटतं. गेल्या पावसाळ्यात विंडोजचा संगणक बसला, तेव्हा कार्यक्रम आम्ही लिनक्सवरच काढला.