आजीचं पान कोरं ठेवू नका

(साकीनाक्यातल्या वस्तीतले बचत गट आणि गावाकडून आलेल्या आपल्या ग्रामसंघांच्या सदस्या यांच्या एकत्र मेळाव्यात क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या भगिनींना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



मी तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या लेकीच्या, काहींच्या तर नातीच्या वयाची आहे. त्यामुळे आज मी तुम्हाला शिकवायला उभी नाही. एक काम सांगायचंय, आणि ते लवकर करायचंय, म्हणून उभी आहे.

आपल्या गटाच्या दप्तरात किती वह्या असतात? इतिवृत्त, बचत, कर्ज, रोखकीर्द, सदस्यांची पासबुकं. दहा रुपयांचा दंड झाला तरी त्याची नोंद असते. आता सांगा, तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या ऐंशी ओलांडलेल्या आजीच्या आयुष्याची नोंद कुठल्या वहीत आहे? तिचं माहेरचं नाव किती जणींना ठाऊक आहे? बघा, हात वर येत नाहीत.

या आज्या म्हणजे १९३९ ते १९४५ या दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत जन्मलेल्या बायका. युद्ध लांब चाललं होतं, पण त्याची झळ चुलीपर्यंत आली होती. धान्य, कापड, रॉकेल सगळ्याची टंचाई. मुंबईत १९४३ साली रेशनिंग सुरू झालं. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला. त्याच काळात ‘चले जाव’ची चळवळ आणि सातारा-सांगलीकडे प्रतिसरकार. म्हणून आज्यांना जन्मतारीख विचारली तर तारीख येत नाही. ‘महागाईतली’, ‘गोदी उडाली तेव्हाची’, ‘पत्री सरकारातली’ असं काहीतरी येतं. हसू नका. ती तारीखच आहे, फक्त कॅलेंडर वेगळं आहे.

१९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांमागे जेमतेम नऊ जणींना लिहिता-वाचता येत होतं. पण याच मुली संविधान लागू झालं तेव्हा चार ते दहा वर्षांच्या होत्या. म्हणजे प्रत्येक बाईला मत असलेल्या देशात लहानाची मोठी झालेली ही पहिली पिढी. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं, म्हणून यांतल्या बहुतेक जणींनी पहिलं मत १९६२ किंवा १९६७ साली दिलं. आईला जे दार बंद होतं ते यांना किलकिलं मिळालं. धक्का मात्र यांनाच मारावा लागला.

या पिढीतल्या एका बाईंची गोष्ट सांगते. उर्मिला पवार. जन्म १९४५, रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावात. वडील शाळेत मास्तर होते. ते लवकर गेले, पण मुलांना शिकवायचं हे घरात ठरवून गेले. आई बांबूच्या पाट्या, सुपं, टोपल्या विणायची. या वस्तूंना आयदान म्हणतात. त्या विकून तिने घर चालवलं. छोटी उर्मिला आयदान पोचवायला गावातल्या घरी जायची तेव्हा बाहेर उभी राहायची. टोपलीवर पाणी शिंपडून ती आत घ्यायचे आणि पैसे वरून टाकायचे. टोपली घरात चालत होती, विणणारीची लेक चालत नव्हती. जातीचा हा चटका त्यांनी लिहून ठेवला, म्हणून आज आपल्याला तो कळतो.

त्या शिकल्या, सरकारी नोकरीत लागल्या, लग्नानंतर मुंबईला आल्या. नोकरी, मुलं आणि घर सांभाळून मराठीत एम.ए. झाल्या. घरातून या शिक्षणाला विरोध झाला, तेही त्यांनी लपवलं नाही. २००३ साली त्यांचं आत्मकथन आलं. नाव काय ठेवलं? ‘आयदान’. आईच्या हातातलं विणकाम आणि आपलं लिखाण, दोन्ही एकच वीण आहे असं त्यांना वाटलं. इथे साकीनाक्यात तुमच्यापैकी कितीतरी जणी घरी बसून मणी ओवतात, धागे कापतात, पाकिटं भरतात. गावाकडच्या ताई कोकम, पापड, कुळथाचं पीठ करतात. उद्या तुमच्या लेकीने तुमच्या कामाचं नाव पुस्तकाला द्यावं, एवढं ते काम मोठं आहे.

पण मला आज ज्या पुस्तकाबद्दल बोलायचंय ते त्याच्याही आधीचं आहे. उर्मिलाताई आणि मीनाक्षी मून या दोघींनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक काढलं. बाबासाहेबांच्या चळवळीत हजारो बायका होत्या. सत्याग्रहात, परिषदांत, मुलींच्या वसतिगृहांत. इतिहासात त्यांची नावं मात्र फारशी नव्हती. मग या दोघी गेल्या. म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या शोधल्या, घरी जाऊन बसल्या, बोलत्या केल्या आणि लिहून घेतलं. दोघी त्यासाठी कुठल्या साहेबाची परवानगी मागत बसल्या नाहीत. युद्धात जन्मलेल्या बाईने आपल्या आईच्या पिढीचं लिहून ठेवलं. आता तिच्या पिढीचं कोणी लिहायचं? आपण.

दुसरं नाव गेल ऑम्वेट. जन्म १९४१, तोही अमेरिकेत. महात्मा फुले आणि सत्यशोधक चळवळीचा अभ्यास करायला आल्या आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या सूनबाई झाल्या. त्यांच्या सासूबाई इंदुताई पाटणकर स्वतः प्रतिसरकारच्या लढ्यातल्या. गेलताईंनी १९८३ साली भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २०२१ साली कासेगावातच त्यांचं निधन झालं. शेतमजूर आणि कामगार बायकांमध्ये फिरून, त्यांचं म्हणणं ऐकून त्यांनी एक पुस्तक लिहिलं, ते १९८० साली आलं. मी समाजकार्य शिकताना मला त्यांच्याकडून एक गोष्ट मिळाली. शिकलेल्या बाईने गावात जाऊन आधी ऐकायचं असतं.

ही झाली नावं असलेली माणसं. आता बिननावाच्या.

१९७२ चा दुष्काळ आठवा, नाहीतर घरी विचारा. या बायका तेव्हा सत्ताविशी ते तिशीत होत्या, कडेवर पोर होतं. दुष्काळी कामांवर राज्यात एका वेळी जवळजवळ ५० लाख माणसं होती आणि त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, मिलोच्या भाकरी केल्या, सुकडी खाल्ली. त्याच अनुभवातून राज्यात रोजगार हमीचा कायदा झाला. पुढे २००५ साली देशाचा कायदा करताना महाराष्ट्राचा दाखला समोर होता. म्हणजे आज तुम्ही जॉबकार्ड काढता, त्याच्या पायात या आज्यांनी फोडलेली खडी आहे.

त्याच वर्षी मुंबईत महागाईविरुद्ध मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. पुढाऱ्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. लाटणं धरणाऱ्यांची? त्यातली एखादी आज आपल्याच वस्तीत खाटेवर बसून असेल आणि तिला कोणी विचारलेलंच नसेल.

आता काम सांगते.

प्रत्येक गटाने एक दोनशे पानी वही घ्यायची. गटाच्या परिसरातली ऐंशीच्या पुढची प्रत्येक आजी, दोन-दोन पानं. आजीला थेट ‘तुमची जीवनकथा सांगा’ म्हणू नका. ती म्हणेल, ‘अगं, मी काय केलंय? चूल आणि मूल.’ वस्तूंवरून विचारा. पहिली कमाई कशाची होती आणि ती कोणाच्या हातात गेली? पहिली सही की अंगठा, आणि कशावर? शाळेत नाव घातलं होतं का, कितवीतून काढलं, का काढलं? मुंबईला आली ती कशाने, उतरली कुठे, पाणी कुठून भरायची? किती बाळंतपणं झाली, किती मुलं जगली? माहेरच्या जमिनीचं हक्कसोड दिलं का, आणि तो कागद तिला कोणी वाचून दाखवला होता का? आणि एक प्रश्न शेवटी नक्की विचारा. आजी, तुम्हाला काय व्हायचं होतं?

हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम सांगते. आपण म्हाताऱ्या बायकांना ‘त्यागमूर्ती’ म्हणतो, हार घालतो आणि मोकळे होतो. त्याग तिने आनंदाने केला की तिच्याकडून करून घेतला, हे विचारत नाही. उर्मिलाताईंचं लिखाण टिकलं कारण त्यांनी आईचे कष्ट लिहिले आणि स्वतःचा राग पण लिहिला. राग गाळून लिहिलं तर ती आजी राहत नाही, देवघरातली तसबीर होते.

काही पथ्यं पाळा. आजीशी बोलताना मुलगा किंवा सून मध्ये उत्तर द्यायला लागली तर गोड बोलून चहा करायला पाठवा. आजीच्या शब्दांत लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. मालवणी असेल तर मालवणी, वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडी, हिंदी असेल तर हिंदी. लिहिलेलं तिला वाचून दाखवा. ती म्हणाली ‘हे काढ’, तर काढायचं. घरातली गोष्ट आहे, चव्हाट्यावर न्यायची नाही. ज्या आजीला जात सांगायची नसेल तिला खोदू नका, आणि जिला सांगायची आहे तिला थांबवू नका. फोनवर आवाज रेकॉर्ड केलात तर आधी विचारून.

याचा रोकडा उपयोग पण आहे. श्रावणबाळ योजनेसाठी ६५ वर्षं पूर्ण झाल्याचा पुरावा लागतो. कित्येक आज्यांचा अर्ज तिथेच अडतो. गोष्ट नीट ऐकली तर कळतं की माहेरच्या गावी दोन वर्षं शाळेत नाव होतं. मग त्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये माहेरच्या नावाने शोधता येतं. आपण सासरच्या नावाने शोधतो आणि ‘नाही’ ऐकून परत येतो. तेही नसेल तर दुसरे कोणते पुरावे चालतील ते तहसील कार्यालयात विचारा. पण आधी आजीला विचारा.

१ मे २०२४ पासून आपल्या राज्यात जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आईचं नाव लावायचा नियम आला. नव्या बाळांचं झालं. ज्या आज्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही, घरावर नाही, त्यांचं नाव निदान आपल्या वहीत तरी येऊ द्या. माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही.

पुढच्या मासिक बैठकीत हा ठराव घ्या. कोणती सदस्या कोणत्या आजीकडे जाणार, ते नावानिशी इतिवृत्तात लिहा. लिहिता न येणाऱ्या मावशीसोबत नववी-दहावीतली मुलगी जोडीला द्या. तीन महिन्यांनी प्रभागसंघाच्या बैठकीला वह्या घेऊन या. आज्या तयार असतील त्यांच्या गोष्टी या अंकातून छापू.

तीन महिने मी उगाच म्हणत नाही. गेल्या पावसाळ्यापासून आत्तापर्यंत आपल्या गावांतल्या किती आज्या गेल्या, ते तुम्ही मनात मोजा. कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यात भरता येतो. हे काम पुढे ढकललं तर विचारायला माणूस राहत नाही.