पाच वाडगे आणि एक वायडी: ‘डायव्हर्जंट’ वाचताना

  

आजचं पुस्तक नवीन नाही. ‘डायव्हर्जंट’. लेखिका वेरॉनिका रॉथ. २०११ साली आलं, २०१४ साली त्याच्यावर सिनेमा निघाला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी सिनेमा पाहिलेला असेल, पुस्तक वाचलेलं नसेल. मी उलटी. मला हे पुस्तक अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलं, ८० रुपयांना. तेव्हा माझं इंजिनिअरिंग चालू होतं. म्हणजे खरं तर बंद होतं. त्या गोष्टीवर मी नंतर येते, कारण तीच सांगायची हिंमत करायला मला आठ वर्षं लागली.

आधी एक सूचना: स्पॉयलर आहेत. पहिल्या भागाचा शेवट मी सांगणार आहे. पुढच्या दोन भागांबद्दल मात्र एक शब्द बोलणार नाही.

तर गोष्ट अशी. भविष्यातलं शिकागो शहर. जुन्या युद्धांना कंटाळलेल्या लोकांनी ठरवलंय की माणसाच्या स्वभावातला एकेक दोष हेच सगळ्या भांडणांचं मूळ. मग त्यांनी पाच गट केले. स्वार्थ वाईट म्हणणारे झाले निःस्वार्थी, म्हणजे अ‍ॅब्निगेशन. आक्रमकपणा वाईट म्हणणारे अ‍ॅमिटी, स्नेही. खोटेपणा वाईट म्हणणारे कँडर. आपल्याकडे त्याला छान शब्द आहे, प्रांजळ. अज्ञान वाईट म्हणणारे इरुडाइट, ज्ञानी. आणि भित्रेपणा वाईट म्हणणारे डॉन्टलेस, धाडसी. मी मराठी मीडियमची, लातूरची. पहिल्या तीस पानांत डिक्शनरी दहा वेळा उघडली. अ‍ॅब्निगेशन हा शब्द तर मी त्याआधी कधी ऐकलाच नव्हता.

सोळाव्या वर्षी प्रत्येकाची एक चाचणी होते. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावासमोर निवड. समोर पाच वाडगे. एकात करडे दगड, एकात पाणी, एकात माती, एकात काच, एकात पेटते निखारे. सुरीनं तळहात कापायचा आणि ज्या गटात जायचंय त्या वाडग्यात रक्त सांडायचं. गट बदलला तर घर सुटलं. आणि नव्या गटानं ठेवून घेतलं नाही, तर तुम्ही कुठलेच नाही. बिनगटाचे. रस्त्यावर राहायचं, मिळेल ते काम करायचं.

आता मला सांगा, हे वाचताना लातूरच्या पोरीला काय आठवणार? दहावीचा निकाल! आमच्याकडे वाडगे पाच नव्हते, दोनच होते. मेडिकल आणि इंजिनिअरिंग. मॅथ्स बरं म्हणून इंजिनिअरिंग, बायो बरं म्हणून मेडिकल, आणि दोन्ही नाही म्हणजे ‘बघू काहीतरी’. हे ‘बघू काहीतरी’ म्हणजे आमच्याकडचे बिनगटाचे.

माझ्या धाकट्या भावाच्या वेळी तर दहावीच्या पोरांना सरकारी कल चाचणी होती. त्याचा कल निघाला ‘गणवेशधारी सेवा’. हा मुलगा दिवाळीत लक्ष्मी बॉम्बच्या आवाजानं माळ्यावर जाऊन बसायचा! पप्पा आठ दिवस तो कागद हातात घेऊन फिरत होते. ‘आता काय करायचं?’ म्हणून सगळ्यांना विचारत होते. भाऊ पुढे बी. कॉम. झाला. पण त्या आठ दिवसांत घरात कुणाला सुचलं नाही की त्या कागदापेक्षा आपण त्याला जास्त ओळखतो.

पुस्तकात बिअ‍ॅट्रिस प्रायर निःस्वार्थी गटात वाढलेली आहे. करडे कपडे, साधं जेवण, आणि आरशातसुद्धा तीन महिन्यांतून एकदाच बघायचं, केस कापताना. चाचणीत तिच्यासमोर दोन टोपल्या येतात. एकीत चीज, दुसरीत सुरी. निवड, म्हणतात. ती विचारते, पण कशासाठी? ते सांगत नाहीत. ती निवडतच नाही. टोपल्या गायब होतात आणि समोर कुत्रा येतो, दात विचकत.

हा प्रसंग मला प्रचंड आवडतो. कारण बहुतेक चाचण्या अशाच असतात. कशासाठी ते सांगत नाहीत, फक्त निवडायला लावतात. आणि तुम्ही प्रश्न विचारत बसलात की कुत्रा सोडतात.

बिअ‍ॅट्रिसचा निकाल लागतच नाही. निःस्वार्थी, धाडसी, ज्ञानी, तिन्ही निघतात. अशा माणसाला म्हणतात डायव्हर्जंट. चाचणी घेणारी बाई घाबरून सांगते, हे कुणालाही बोलू नकोस. म्हणजे बघा, पोरीला स्वतःबद्दलची सगळ्यात खरी गोष्ट कळते आणि त्याच मिनिटाला ती लपवायची सवयही लागते.

निवडीच्या दिवशी तिचा भाऊ केलेब तिच्या आधी जातो आणि ज्ञानी गटात रक्त सांडतो. घर हादरतं. मग हिची पाळी. हात दोन वाडग्यांच्या मध्ये, रक्त खाली गालिच्यावर टपकतंय, आणि मग निखाऱ्यांवर चर्र आवाज. एका दिवसात आईबापाची दोन्ही लेकरं गेली. नव्या गटात पहिली उडी तीच मारते, इमारतीच्या गच्चीवरून खाली अंधारात. आणि नाव सांगते, ट्रिस.

इथून पुढे ट्रेनिंग. हा भाग मी भरभर सांगते. मारामाऱ्या, चाकूफेक, टॅटू, चालत्या ट्रेनमध्ये उड्या. चालत्या ट्रेनमधल्या उडीचं आम्हाला काय कौतुक! कल्याण-डोंबिवलीचे लोक खिडकीसाठी रोज मारतात आणि वर डबाही सांभाळतात. पण यात एक मुद्दा आहे. जोखीम घेणं आणि धाडस असणं यात फरक आहे, आणि रॉथ तो फरक हळूहळू दाखवत जाते. ट्रेनमधून उडी मारणारा पीटर रात्री झोपलेल्या स्पर्धकाच्या डोळ्यात सुरी खुपसतो. का? तो पहिल्या नंबरवर आहे म्हणून.

उलट एक प्रसंग बघा. अ‍ल नावाचा मोठ्या चणीचा, मऊ मनाचा मुलगा. त्याला चाकू नीट फेकता येत नाही. शिक्षा म्हणून त्याला निशाण्यासमोर उभं राहा म्हणतात. ट्रिस पुढे होते आणि त्याच्या जागी स्वतः उभी राहते. ट्रेनर फोर चाकू फेकतो, शेवटचा तिच्या कानाला चाटून जातो. सगळ्यांना वाटतं, काय डेरिंग आहे पोरीचं! पण नीट बघितलं तर हे धाडस नव्या गटाचं नाहीच. दुसऱ्याच्या जागी आपण उभं राहणं, हे तिच्या आईच्या घरचं आहे. करड्या कपड्यांचं.

माझ्यासाठी पुस्तकाचा गाभा हा आहे. जे घर मी सोडलं, तेच अडचणीच्या वेळी माझ्या कामी येतं. पुढे तर कळतं की तिची आई मुळात जन्मानं धाडसी गटातली. म्हणजे आपण ज्यांना ‘एकाच साच्यातले’ समजतो, त्या आईबापांनीसुद्धा कधीतरी आपला वाडगा निवडलेला असतो. आपण विचारलेलं नसतं, एवढंच.

भीतीबद्दल एक गंमत सांगते. रॉथला ही कल्पना मानसशास्त्राच्या वर्गात एक्स्पोजर थेरपी शिकताना सुचली. ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं, सुरक्षितपणे सामोरं जायचं, म्हणजे मेंदू शिकतो की आभाळ कोसळत नाही. पुस्तकात तिनं त्याचं इंजेक्शन करून टाकलं. सुई टोचली की तुमची भीती तुमच्यासमोर उभी. फोरच्या भीती चार, म्हणून त्याचं नाव फोर. त्यातली एक म्हणजे त्याचा स्वतःचा बाप. ट्रिसच्या सात. शेवटची अशी: हातात बंदूक देऊन सांगतात, तुझ्या घरच्यांना गोळी घाल. ती बंदूक टाकते, वळते आणि मागच्या बंदुकीवर स्वतःचं कपाळ टेकवते.

आता दोष. पुस्तकात दोष आहेत आणि ते लपवायला मी काही त्याची एजंट नाही. पाच गुणांवर आख्खं शहर चालतं, हे दोन मिनिटं विचार केला तर पटत नाही. गटार कोण साफ करतं? बिनगटाचे. बस कोण चालवतं? बिनगटाचे. म्हणजे शहर ज्यांच्या जिवावर चालतं त्यांच्याबद्दल पहिल्या भागात जेमतेम काही पानं. हे मला खटकतं. रॉथ तेव्हा कॉलेज नुकतं संपवलेली मुलगी होती, आणि ते जाणवतं. पण सोळाव्या वर्षी जग असंच दिसतं ना? सगळं एकाच निवडीवर लटकलेलं.

शेवटाकडे येते. ज्ञानी गटाची प्रमुख जनीन मॅथ्यूज एक औषध बनवते. धाडसी गटाला सांगतात, शोध लागावा म्हणून ट्रान्समीटर टोचतोय. रात्री सगळे झोपेत उठतात, रांगेत चालतात आणि निःस्वार्थी लोकांना मारायला निघतात. डोळे उघडे, मन बंद. जागे आहेत फक्त डायव्हर्जंट. आणि त्यांना जगायचं असेल तर झोपल्याचं नाटक करत त्याच रांगेत चालायचं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थरार वाटला होता. नोकरीला लागल्यावर परत वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. औषध बनवणारे कोण? हुशार लोक. माझ्यासारखे. आदेश एकाचा, सुई दुसऱ्याची, गोळी तिसऱ्याची. आणि प्रत्येक जण म्हणणार, मी फक्त माझं टास्क केलं.

तर आता माझी गोष्ट. सेकंड इयरला माझा एम-थ्री राहिला, आणखी तीन विषय राहिले, आणि मी वायडी गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वायडी म्हणजे इयर डाउन. आख्खं वर्ष घरी. आई गल्लीत सांगायची, ‘तिचा प्रोजेक्ट चालू आहे.’ मी पण तेच सांगायला लागले. पुढे रेझ्युमेवर मी फक्त पास झाल्याचं वर्ष लिहायचे आणि कुणी मोजू नये म्हणून देव पाण्यात घालून बसायचे. या नोकरीत ओळखीनं लागले, कुणी विचारलं नाही.

दीड वर्षापूर्वी आमच्या टीमकडे रेझ्युमे चाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम होतं. एक नियम माझ्याकडे आला. बारावीचं वर्ष आणि पदवीचं वर्ष, यात चारपेक्षा जास्त फरक असेल तर अर्ज बाद. माणसापर्यंत पोचायचाच नाही. मी तो लिहिला. चार ओळींचा कोड. टेस्टिंगसाठी डेटा हवा होता, म्हणून नाव बदलून माझाच जुना रेझ्युमे टाकला. निकाल आला: रिजेक्टेड.

मंडळी, मी तो कोड तसाच पुढे पाठवला. ‘टेस्ट पास’ असं लिहून. कारण तो नियमाप्रमाणे बरोबरच चालत होता! महिनाभर मी मीटिंगमध्ये मान हलवत बसायचे. झोपल्याचं नाटक करत रांगेत.

मग एका रिव्ह्यूमध्ये कुणीतरी सहज म्हणालं, ‘या फिल्टरनं आपलं काहीच नुकसान नाही, असले कँडिडेट तसेही चालत नाहीत.’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘सर, मी चालतेय. मी वायडी आहे.’ माझा आवाज थरथरत होता. मला ट्रिससारखं काही वाटलं नाही. मला फक्त उलटी होईल असं वाटलं.

पुढे काय झालं? टाळ्या वगैरे काही नाही. दोन मिनिटं शांतता, मग ‘ऑफलाइन बोलू’. शेवटी तो नियम काढला नाही, पर्यायी केला. म्हणजे ज्याला हवा त्यानं चालू करायचा. आणि खरं सांगू? बरेच जण चालू करतात. संध्याकाळी दोघं ज्युनिअर चहाला आले आणि हळूच म्हणाले, ‘ताई, आम्ही पण.’

घरी फोन करून आईला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, ‘नोकरी आहे ना अजून?’ म्हटलं, आहे. ‘मग बरं झालं. मला पण कंटाळा आला होता तो प्रोजेक्ट सांगून सांगून.’

पुस्तकाच्या शेवटी औषधाच्या अमलाखाली असलेला फोर ट्रिसच्या अंगावर येतो. तिच्या हातात बंदूक आहे. ती ती उलटी करून त्याच्याच हातात देते. सातव्या भीतीत जे केलं तेच खऱ्यात. त्याला तिचा आवाज ऐकू येतो आणि तो जागा होतो. आपल्या बाबतीत समोरचा जागा होईलच याची खात्री नसते. तरी एकदा आवाज द्यावा लागतो, नाहीतर आपणच खरोखर झोपून जातो.

इंग्रजी फार जड नाही, वाक्यं छोटी आहेत. आमच्यासारख्या मराठी मीडियमवाल्यांनी न घाबरता हात घालावा. आणि तुमच्यात कुणी वायडी असेल, गॅप असेल, ‘बघू काहीतरी’ असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. नाव नका सांगू हवं तर. मी समजून घेईन, मीही आठ वर्षं सांगितलं नव्हतं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत वाचत राहा. काळजी घ्या!